रोगाचे नाव आणि रोगाची नोंद



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘अन्ननलिकेच्या विकारांची नोंद’ असे उत्तर दिले. ते क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. संघटनेचा माणूस बोनस, महागाईभत्ता किंवा कंत्राटी पद्धत ह्यांवर बोलेल अशी त्यांची अपेक्षा असावी. मी डॉक्टर नव्हे, हे आरंभीच सांगून टाकतो. माझी शाळा नववीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकाशी, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि नगर वाचनालयात. परंतु दुसऱ्याचे कागद वाचण्याचा उद्योग मात्र मी तीस-पस्तीस वर्षे केला आहे, आणि आजचा विषय त्या उद्योगातूनच माझ्यापुढे आला.

मस्टर म्हणजे काय हे येथे बसलेल्या पुष्कळांना ठाऊक आहे. दहा वर्षे यंत्रावर उभा राहिलेला माणूस मस्टरवर नसेल तर कायद्याच्या लेखी तो कामगारच नसतो. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या कुळाची गोष्ट आपल्या कोकणाला वेगळी सांगायला नको. रोगाचेही तसेच आहे. शरीरात रोग असणे ही एक गोष्ट आणि कागदावर तो त्याच्या खऱ्या नावाने असणे ही दुसरी. औषध पहिल्या गोष्टीवर चालते. पैसा, रजा, भरपाई आणि सरकारी धोरण दुसरीवर चालते.

आमचे एक सभासद ठाण्याकडच्या एका कारखान्यात फिटर होते. मूळ गाव संगमेश्वर तालुक्यातले. वय त्रेपन्न. त्यांचा घास अडू लागला. प्रथम भाकरी अडे, पुढे भात अडू लागला, शेवटी पेजसुद्धा घोट घोट करून घ्यावी लागे. गिळण्याचा त्रास असा घट्ट पदार्थांपासून पातळ पदार्थांकडे सरकत गेला तर एक दिवसही दवडू नये, एवढे वैद्यकीय ज्ञान मला त्यांच्यामुळे मिळाले. दुर्बिणीने तपासणी झाली, आतला तुकडा काढून तपासला, आणि अन्ननलिकेचा कर्करोग निघाला.

त्यांना कामगार राज्य विम्याचे संरक्षण होते. ही योजना १९४८ च्या कायद्याने उभी राहिली आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे प्रथम सुरू झाली. तिच्यात साध्या आजारपणाचा भत्ता वेतनाच्या ७० टक्के दराने आणि वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस मिळतो. पण ठरावीक ३४ दीर्घ आजारांची एक यादी आहे. त्या यादीतला आजार असेल आणि वर्गणीच्या अटी पुऱ्या होत असतील, तर भत्ता ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. कर्करोग त्या यादीत आहे. ‘गिळण्यास त्रास’ हा त्या यादीत नाही, आणि असण्याचे कारणही नाही.

झाले काय, तर पहिल्या दिवशी, निदान व्हायच्या आधी, डॉक्टरांनी दाखल्यावर ‘डिसफेजिया’ हा शब्द लिहिला. त्याचा अर्थ गिळण्यास त्रास. त्या दिवशी तो शब्द अगदी बरोबर होता. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांनी मागील कागद पाहून तोच शब्द उतरवला. तिसऱ्यांनी दुसऱ्यांचा उतरवला. बायोप्सीचा अहवाल येऊन पिशवीच्या तळाशी पडला होता, आणि दाखल्यांवर मात्र ‘डिसफेजिया’च चालू होता. ९१ दिवस संपले, भत्ता थांबला. त्यांच्या पत्नी प्लास्टिकच्या पिशवीत सारे कागद घालून माझ्याकडे आल्या, तेव्हा हातातल्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. रोगाच्या नावानिशी नवा दाखला मिळवायला आम्हांला तीन खेपा पडल्या. कोणी पैसे मागितले नाहीत की कोणी उद्धटपणे बोलले नाही. एक शब्द वेळेवर बदलला गेला नाही, एवढाच काय तो दोष.

तेव्हापासून मी ह्या शब्दांच्या मागे लागलो, आणि मला कळले की डॉक्टरांच्या शब्दामागे एक आकडाही असतो. त्याला दवाखान्यात ‘कोड’ म्हणतात. आपण संकेतांक म्हणू. जगातील रोगांचे एक मोठे वर्गीकरण आहे. विल्यम फार हा गृहस्थ १८३९ पासून लंडनच्या जन्ममृत्यू नोंदणी कचेरीत आकड्यांचे काम पाहत असे. एकाच रोगाला चार नावे आणि चार रोगांना एकच नाव, ह्या गोंधळाने तो त्रस्त झाला होता. पुढे १८९३ साली झाक बर्तिलाँ ह्या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूच्या कारणांची एक यादी शिकागोच्या परिषदेत मांडली. तिच्या सुधारणा होत होत १९४८ साली सहावी आवृत्ती जागतिक आरोग्य संघटनेने हाती घेतली, आणि त्या आवृत्तीपासून मृत्यूच्या कारणांबरोबर आजारांचीही नोंद तिच्यात होऊ लागली. दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली. अकरावी २०१९ साली मंजूर होऊन १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. आपल्याकडील दवाखान्यांचा आणि विमा कंपन्यांचा व्यवहार अजून बहुतांशी दहावीवर चालतो, म्हणून मी तिचेच आकडे सांगतो.

ह्या ग्रंथात प्रत्येक रोगाला एक रोमन अक्षर आणि त्यापुढे आकडे दिलेले आहेत. अन्ननलिका म्हणजे घशाच्या शेवटापासून जठरापर्यंत जाणारी, सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची एक स्नायूंची नळी. एवढीशी नळी, पण तिचे आजार किती अक्षरांत विखुरले आहेत पाहा. कर्करोग ‘सी १५’. आम्ल उलट वर येण्याचा विकार ‘के २१’, आणि त्यातही अन्ननलिकेला सूज आली असेल तर ‘के २१.०’, नसेल तर ‘के २१.९’. खालचे तोंड न उघडण्याचा अकॅलेशिया नावाचा विकार ‘के २२.०’. नळी अरुंद होणे ‘के २२.२’. फुगलेल्या शिरा ‘आय ८५’, कारण त्या रक्ताभिसरणाच्या प्रकरणात मोडतात. जन्मतःच नळी जोडलेली नसणे ‘क्यू ३९’. आणि कारण न कळता नुसतेच ‘गिळण्यास त्रास’ असेल तर ‘आर १३’. आर हे लक्षणांचे अक्षर. धर्मशाळेत उतरलेल्या वाटसरूला आपण घरचा माणूस म्हणत नाही. तसा आरमध्ये उतरलेला रोगी तेथे मुक्कामाला राहू नये, निदान झाले की पुढच्या घरी जावा, अशी योजना आहे. आमचे फिटर तीन महिने धर्मशाळेतच राहिले.

(कारकुनांची एक गंमत सांगतो. इंग्रजी लेखनात अन्ननलिकेचा शब्द इंग्लंडात ‘ओ’ने सुरू होतो, अमेरिकेत ‘ई’ने. जागतिक संघटनेच्या ग्रंथात तो ओखाली आहे. ईखाली शोधून ‘सापडत नाही’ म्हणणारा एक भला माणूस मी पाहिला आहे.)

संकेतांक लावणारा मनुष्य रोग्याला पाहत नाही, तो कागद पाहतो. कागदावर जेवढे आहे तेवढेच त्याला आकड्यात घालता येते. म्हणून आकड्याचा खरेपणा शेवटी डॉक्टरांच्या वाक्यावर अवलंबून असतो. आणि डॉक्टरांचे वाक्य पुष्कळदा आपल्या वाक्यावर अवलंबून असते.

आपण काय सांगतो? ‘पित्त झालंय.’ आपल्या बोलीत पित्त म्हणजे छातीत जळजळ, आंबट ढेकर, डोकेदुखी, अंगावर उठलेल्या गांधी, कधी कधी नुसता रागसुद्धा. डॉक्टर ते ऐकतात आणि केस पेपरवर ‘ए पी डी’ अशी तीन अक्षरे लिहितात, म्हणजे आम्लपित्ताचा विकार. ह्या तीन अक्षरांत दुखणे अन्ननलिकेचे की जठराचे, हे कोठेच नाही. वर्षानुवर्षे आम्ल वर येत राहिले तर काहींच्या अन्ननलिकेचे अस्तर बदलते. त्याला बॅरेटचा विकार म्हणतात, संकेतांक ‘के २२.७’. त्यातून पुढे थोड्यांना कर्करोग होऊ शकतो, म्हणून अशांना ठरावीक मुदतीने तपासणीला बोलावतात. ज्याच्या कागदावर दहा वर्षे ‘ए पी डी’च आहे, त्याला कोण बोलावणार?

कर्करोग लिहिला तरी काम संपले असे नाही. नळीच्या वरच्या तृतीयांशात असेल तर ‘सी १५.३’, मधल्यात ‘सी १५.४’, खालच्यात ‘सी १५.५’. मानेतल्या भागासाठी ‘सी १५.०’ हा वेगळाच आकडा आहे. जागा लिहिलेलीच नसेल तर ‘सी १५.९’. दुर्बिणीने तपासणारे डॉक्टर समोरच्या दातांपासून किती सेंटिमीटरवर गाठ लागली ते लिहितात. अन्ननलिका साधारण १५ सेंटिमीटरवर सुरू होते आणि ४० च्या आसपास जठराला मिळते. तो एक आकडा अहवालात असला की जागा ठरते. हा नुसता कारकुनी बारकावा नव्हे. मानेतल्या गाठीला सहसा शस्त्रक्रियेऐवजी किरणांचा आणि औषधांचा उपचार करतात, खालच्या गाठीचा विचार निराळा होतो. ज्या योजनेतून खर्चाची पूर्वमंजुरी घ्यायची, तेथे ठरलेला उपचार आणि लिहिलेले निदान ह्यांचा मेळ बसला नाही तर फाईल शंका काढून परत येते. आपल्या राज्याची जीवनदायी योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे सगळीकडे आली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. तिच्यात अशी पूर्वमंजुरी लागते. फाईल परत येण्यात जे आठ-दहा दिवस जातात, ते पेजही न उतरणाऱ्या माणसाचे दिवस असतात.

रक्ताची उलटी हे दुसरे उदाहरण. ते लक्षण आहे, रोग नव्हे. रक्त फुगलेल्या शिरांतून आले असेल, व्रणातून आले असेल, किंवा जोराच्या ओकारीने खालच्या टोकाला पडलेल्या चिरेतून आले असेल. तीन कारणे, तीन संकेतांक. शिरा फुगतात त्या बहुधा यकृत निकामी होत आल्याने. यकृत दारूने बिघडते हे खरे, पण काविळीच्या ‘बी’ आणि ‘सी’ विषाणूंनीही बिघडते. तरी मजूर माणूस रक्त ओकत आला की काही ठिकाणी न विचारताच ‘दारूचे व्यसन’ असे लिहिले जाते, आणि त्या दोन शब्दांवर पुढे विम्याचा दावा अडतो. जो पितो त्याने ‘पीत नाही’ असे लिहून घ्यावे असे मी सांगत नाही. खोट्या कागदावर उभी केलेली मागणी टिकत नाही, हे मी संघटनेत फार लवकर शिकलो. पण जो पीत नाही त्याच्या कागदावर ते का यावे?

खाजगी विम्याच्या दाव्याच्या ठरीव अर्जात दवाखान्याने भरायचा एक भाग असतो. त्यात मुख्य निदान, जोडीचे निदान आणि इतर आजार ह्यांचे संकेतांक मागितलेले असतात. त्याच्याबरोबर केस पेपरची प्रत जाते. त्या केस पेपरवर रात्री अकरा वाजता शिकाऊ डॉक्टरांनी विचारलेले असते, ‘त्रास कधीपासून?’ घाबरलेला पुतण्या सांगतो, ‘काकांना पित्त लय वर्षांचं.’ लिहिले जाते: ‘आम्लविकार, १० वर्षे’. झाले, विमा घेण्यापूर्वीचा आजार ठरला. वास्तविक नियम असा आहे की, विमा घेण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी जे निदान केले किंवा ज्यासाठी सल्ला वा उपचार घेतला, तोच आधीचा आजार. २०२४ च्या नियमांनी अशा आजारासाठी थांबण्याची मुदतही जास्तीत जास्त ३६ महिने केली आहे. कोकमाचे सरबत पिऊन बरे वाटणारी जळजळ ह्या व्याख्येत बसत नाही. म्हणून विचारले असता नेमके सांगावे: हा घास अडण्याचा त्रास केव्हापासून, जळजळ केव्हापासून, तिच्यासाठी डॉक्टरांकडे कधी गेलो होतो की नाही.

आपल्या बंदरावरच्या गावाला साजेसे एक उदाहरण राहिलेच, माशाचा काटा. तारली खाताना काटा अडकला की घरोघरी भाताचा गोळा गिळायला लावतात. तो उपाय धोक्याचा आहे, काटा त्याने अधिक खोल रुततो. तो घशात अडकला तर ‘टी १७.२’, अन्ननलिकेत अडकला तर ‘टी १८.१’. टी हे अक्षर इजांचे. आपोआप फाटलेल्या अन्ननलिकेची नोंद ‘के २२.३’ होते, इजेने फाटलेलीची नोंद इजांच्या प्रकरणात होते. अपघात विमा घेतलेल्या खलाशाला ह्या फरकाची किंमत कळेल. बाटलीत भरून ठेवलेले ॲसिड चुकून प्यायल्याचेही असेच आहे. त्या दिवशी ‘टी २८.६’ लिहितात. पण काही महिन्यांनी नळी आक्रसते, माणूस दुसऱ्या दवाखान्यात जातो, आणि तेथे नुसते ‘नळी अरुंद’ असे लिहिले जाते. तो प्रकार कामावर घडला असेल तर भरपाईचा धागा तेथेच तुटतो. ‘अमुक तारखेला कामावर ॲसिड पोटात गेल्यामुळे’ एवढे शब्द मागून जोडून घेण्यासाठी मी एकदा दोन वर्षे भांडलो आहे.

आता मृत्यूची नोंद. आपल्या वर्तमानपत्रांत माणसे ‘हृदयक्रिया बंद पडून’ जातात. हृदय बंद पडल्यावाचून कोणी मेलेला नाही. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याखाली डॉक्टरांनी द्यावयाच्या प्रमाणपत्राचे नमुने आहेत: दवाखान्यातल्या मृत्यूसाठी नमुना ४ आणि घरच्या मृत्यूसाठी ४ अ. त्यात कारणांच्या ओळी एकाखाली एक असतात. पहिल्या ओळीत अगदी जवळचे कारण, त्याखाली ते ज्यामुळे झाले ते, आणि तळाशी सगळ्याचे मूळ. आमच्या फिटरांपुरते बोलायचे तर वर ‘अन्नाचे कण फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया’, मध्ये ‘अन्ननलिकेत अडथळा’, तळाशी ‘अन्ननलिकेच्या मधल्या भागाचा कर्करोग’ असे यायला हवे. देशाच्या आकड्यांत मोजली जाते ती तळाची ओळ. मरणाची तऱ्हा लिहू नका, कारण लिहा, अशी सूचना नमुन्यावरच असते. फिटर पुढल्या पावसाळ्यात गावी वारले. कागदावर हृदयक्रिया बंद पडल्याचे आले. मधली आणि तळाची ओळ कोरी.

आणि हा कागद तरी किती जणांच्या वाट्याला येतो? २०२० च्या केंद्रीय अहवालाप्रमाणे देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्क्यांनाच वैद्यकीय कारणाचे प्रमाणपत्र होते. बाकीचे कशाने गेले ते सरकारला कळत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी कर्करोगाची वेगळी नोंदवही असते, आणि तिचा आरंभ आपल्या राज्यातच झाला. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईत देशातील पहिली अशी नोंदवही काढली. खेड्यांसाठीची पहिली बार्शीची, १९८७ ची. तेथील कार्यकर्त्यांनी बार्शी, परांडा आणि भूम ह्या तालुक्यांतील ३४६ गावे पालथी घातली. दवाखान्यात रोगी येईल आणि मग नोंद करू, अशी वाट पाहणे त्यांना परवडणारे नव्हते. चावडीवर बसून लक्षणे समजावून सांगायची, कोणाला तसे काही आहे का विचारायचे, आणि रोगी शोधून दवाखान्यात पोचवायचा. संघटना बांधण्याची हीच रीत आहे, म्हणून मला त्या लोकांविषयी विशेष आपुलकी वाटते. आपल्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांसाठीही टाटा स्मारक केंद्राने अशी नोंद ठेवण्याचे काम हाती घेतले. मेघालयातल्या पूर्व खासी टेकड्यांत अन्ननलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण देशात सर्वांत जास्त आहे, हे अशाच नोंदवहीमुळे कळले.

नोंदवहीचे कार्यकर्ते दवाखाने, प्रयोगशाळा आणि मृत्यूची नोंद असे तिन्हींकडचे कागद जुळवतात, त्यामुळे एकीकडे गाळलेले नाव दुसरीकडे सापडण्याची आशा असते. पण त्यांचाही एक नियम आहे. रोगी त्या भागात निदान वर्षभर राहिलेला असला पाहिजे. आमचे फिटर तीस वर्षे ठाण्यात राहून मरायला गावी आले. ते ठाण्याच्या हिशेबातले, आपल्या नव्हे. ह्यात चूक काही नाही. मात्र दवाखान्यात पत्ता विचारला की अभिमानाने गावचा पत्ता सांगण्याची आपणा कोकणी माणसांना खोड आहे. राहता पत्ता आणि गावचा पत्ता असे दोन्ही सांगावेत.

कागद मागण्याचा अधिकार आपल्याला आहे. २००२ सालच्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे दाखल झालेल्या रोग्याचे कागद तीन वर्षे जपून ठेवावे लागतात, आणि रोग्याने वा त्याने नेमलेल्या माणसाने मागितल्यास ७२ तासांत द्यावे लागतात. डिस्चार्ज कार्ड हाती आले की तेथेच उभे राहून तीन गोष्टी पाहाव्यात: रोगाचे नाव आहे की नुसते लक्षण, बायोप्सी झाली असल्यास तिचा निष्कर्ष आणि जागा उतरली आहे का, आणि व्यसन व जुने आजार ह्यांविषयी जे लिहिले ते खरे आहे का. डॉक्टरांना नम्रपणे विचारले तर बहुतेक जण दुरुस्त करून देतात. घरी नेल्यावर तीन खेपा पडतात.

फिटरांच्या पत्नी पुढे एकदा मला भेटल्या. त्यांनाही छातीत जळजळ होत होती, आणि त्या ‘पित्त’च म्हणत होत्या. मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी विचारले, ‘तंबाखू, विडी?’ त्या म्हणाल्या, ‘छे, नाय वो.’ मी म्हटले, ‘वहिनी, मशेरी?’ ‘ती काय, रोजचीच. सकाळ-संध्याकाळ.’ मशेरी हा तंबाखूच, भाजून दळलेला, आणि धूर नसलेल्या तंबाखूनेही अन्ननलिकेचा कर्करोग होतो, हे आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने केव्हाच मान्य केले आहे. डॉक्टरांनी लेखणी उचलली आणि विचारले, ‘किती वर्षे?’ त्यांनी बोटांवर हिशेब केला. लग्नाच्या आधीपासून म्हणजे एकेचाळीस वर्षे. ते त्यांच्या केस पेपरवर त्या दिवशी पहिल्यांदा लिहिले गेले, आणि दुर्बिणीच्या तपासणीची तारीख मिळाली.